फळबागेचे दोन मार्ग : सेंद्रिय आणि एकात्मिक

धान्याचें शेत आणि फळांची बाग यांत एक मोठा भेद आहे. ज्वारीच्या पेरणींत झालेली चूक पुढच्या पावसाळ्यांत सुधारतां येते. परंतु बाग लावतांना झालेली चूक पंधरा-वीस वर्षें मालकाच्या डोळ्यांसमोर उभी राहते. मोसंबीचें कलम लावल्यानंतर पहिला बहार धरावयास पांच वर्षें थांबावें लागतें, आणि आंब्याचा खरा लाभ तर लावणाऱ्याहून त्याच्या मुलानातवांसच अधिक होतो. म्हणून बागाइतदारानें कोणत्या पद्धतीनें बाग राखावी हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नव्हे. त्यावर जमिनीचा कस, घरचें कर्ज आणि पुढच्या पिढीचें पोटपाणी हीं सारीं अवलंबून असतात.

आज या बाबतींत दोन पद्धतींचीं नांवें विशेष ऐकूं येतात. पहिली सेंद्रिय पद्धति. तींत कारखान्यांत तयार केलेलीं रासायनिक खतें व कीटकनाशकें पूर्णपणें वर्ज्य असतात. शेणखत, हिरवळीचीं खतें, पालापाचोळा, निंबोळीचा अर्क आणि मित्रकीटक यांवर सारा भर असतो. दुसरी एकात्मिक पद्धति. तिलाहि शेणखत प्रिय आहे आणि मित्रकीटकहि प्रिय आहेत. परंतु हे सर्व उपाय थकले आणि कीड ठराविक मर्यादेबाहेर गेली, तर मोजून-मापून रासायनिक औषध वापरण्यास ती मोकळीक देते. म्हणजे वादाचा मुद्दा एकच उरतो. पीक हातचें जाण्याची वेळ आली असतां निषिद्ध औषधाची बाटली उघडावी कीं न उघडावी? एवढ्या एका प्रश्नामागें शंभर-सव्वाशें वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि तो पाहिल्यावांचून कोणत्याहि बाजूनें निवाडा देणें उचित होणार नाहीं.

नांदेड जिल्ह्यांतील बिलोली तालुक्याचें उदाहरण समोर ठेवून हा इतिहास वाचल्यास तो अधिक बोधप्रद होईल. हा मुलूख तेलंगणाच्या सीमेवरचा. बाजारांत मराठीबरोबर तेलुगूहि कानीं पडते. मांजरा नदी या भागांतून पुढें जाऊन गोदावरीस मिळते. जमीन बहुतांशीं काळी, चुनखडीयुक्त, पाणी धरून ठेवणारी आणि उन्हाळ्यांत भेगाळणारी. पाऊस सरासरीनें वाईट नाहीं. परंतु तो येईल तेव्हां धो-धो येतो आणि रुसला म्हणजे महिना महिना तोंड दाखवीत नाहीं. अशा भूमींत गावरान आंब्याच्या आमराया, लिंबें, सीताफळें हीं पिढ्यान्‌पिढ्या होत आलीं. १९९० मध्यें महाराष्ट्र शासनानें रोजगार हमी योजनेशीं फळबाग लागवडीची सांगड घातली, तेव्हां आंबा, मोसंबी, डाळिंब यांचीं कलमें कोरडवाहू शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोंचलीं. झाडें आलीं, तीं कशीं जगवावीं ही चिंताहि त्यांच्यामागोमाग आली.

झाडांच्या शुश्रूषेचें शास्त्र या देशास नवें नाहीं. सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदावर एक स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यांत शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्या, तीळ, सातूचें पीठ इत्यादिकांचीं खतें सांगितलीं आहेत. सुरपाल नामक वैद्याच्या वृक्षायुर्वेदांत प्राण्यांचे अवशेष शिजवून व कुजवून केलेल्या कुणपजलाचें वर्णन येतें. या ग्रंथाची प्रत इंग्लंडांतील ऑक्सफर्डच्या ग्रंथालयांतून मिळवून १९९६ मध्यें सिकंदराबाद येथें तो इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध करण्यांत आला. चौदाव्या शतकांत दौलताबादेस आलेल्या इब्न बतूता या प्रवाशानें तेथील द्राक्षें व डाळिंबें यांचा उल्लेख करून तीं वर्षांतून दोनदां येतात असें लिहून ठेविलें आहे. ज्यास आपण बहार म्हणतों त्याची कला मराठवाड्याच्या भूमींत किती जुनी आहे, हें यावरून लक्षांत येईल. पुढें रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आंबे-फणसांचीं झाडें रयतेनें लेकरांसारखीं वाढविलेलीं असतात, तीं जुलमानें तोडूं नयेत, अशा आशयाची सक्त ताकीद आढळते. तथापि त्या जुन्या काळीं बागा विखुरलेल्या होत्या; एकाच जातीचीं हजारों झाडें सलग लावण्याची चाल नव्हती, आणि फळ शेंकडों कोसांवर पाठवावयाचें नव्हतें. म्हणून केवळ प्राचीन ग्रंथांच्या बळावर आजचा प्रश्न सुटेल असें समजणें बरोबर नाहीं.

आधुनिक फवारणीचा जन्म मात्र योगायोगानें झाला. फ्रान्समधील बोर्डो शहराजवळ रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींचे घोंस वाटसरू चोरीत. त्यांस दहशत बसावी म्हणून बागवाले मोरचूद व चुना यांचें निळसर मिश्रण पानांवर शिंपडीत. मिलार्डे नांवाच्या प्राध्यापकाच्या दृष्टीस असें पडलें कीं, रोगानें इतर वेली झडल्या असतां रस्त्याकडेच्या वेली मात्र हिरव्या आहेत. त्यानें प्रयोग करून १८८५ मध्यें आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी हें एक टक्का बोर्डो मिश्रण आज आपल्याकडील बागाइतदारास तोंडपाठ आहे. गंमत अशी कीं, हें मिश्रण सेंद्रिय बागेंतहि मर्यादित प्रमाणांत चालतें. परंतु तांबें हा धातु कुजत नाहीं. तो मातींत सांचत जातो आणि गांडुळांस बाधतो. याच कारणानें युरोपांत २०१९ पासून हेक्टरीं सात वर्षांत २८ किलोंहून अधिक तांबें घालण्यास मनाई आहे.

फवारणीच्या या उत्साहांत पहिली धोक्याची सूचना १९१४ मध्यें मिळाली. अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यांत मेलँडर नांवाच्या कीटकशास्त्रज्ञास असें आढळलें कीं, चुना व गंधक यांच्या काढ्यानें पूर्वीं मरणारी सफरचंदावरची खवलेकीड कांहीं बागांत मरेनाशी झाली आहे. औषध तेंच, परंतु कीड बदलली होती. हें औषधहि निसर्गांतल्याच पदार्थांचें होतें, ही गोष्ट विसरतां कामा नये.

याच सुमारास सेंद्रिय विचाराचा पाया आपल्याच देशांत घातला जात होता. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ बिहारांतील पुसा येथें होते. तेथें त्यांनीं फळझाडांच्या मुळांचा बारकाईनें अभ्यास केला आणि झाडाखालीं गवत माजूं दिल्यास मुळांस हवा कमी पडून झाड कसें खंगतें, हें दाखविलें. पुढें १९२४ पासून १९३१ पर्यंत ते होळकरांच्या इंदुरांत वनस्पतिसंशोधन संस्थेचे प्रमुख होते. तेथेंच काडीकचरा, शेण, गोमूत्रानें भिजलेली माती व राख यांचे थर रचून, त्यांस पाणी देऊन व वेळोवेळीं खालवर करून सुमारें तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची इंदूर पद्धति सिद्ध झाली. १९३१ मध्यें या विषयावर निघालेल्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड या त्यांच्या सहकाऱ्याचें नांव आहे. जगभर गाजलेल्या खताच्या या कृतीस इंदूर शहराचें नांव मिळालें, ही मराठी वाचकास अभिमान वाटावा अशीच गोष्ट होय. हॉवर्ड यांचा मुख्य ग्रंथ १९४० मध्यें निघाला आणि त्याच वर्षीं लॉर्ड नॉर्थबोर्न यांनीं आपल्या पुस्तकांत 'सेंद्रिय शेती' हा शब्दप्रयोग रूढ केला. रोग हा झाडाचा शत्रु नसून जमिनीच्या दुबळेपणाची वर्दी देणारा जासूद आहे, असा हॉवर्ड यांच्या शिकवणीचा थोडक्यांत इत्यर्थ सांगतां येईल.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीसारखीं प्रभावी विषें बाजारांत आलीं आणि ही शिकवण कांहीं काळ मागें पडली. कॅलेंडर पाहून फवारणी होऊं लागली. कीड आहे कीं नाहीं हें पाहण्याची गरजच उरली नाहीं. परंतु कॅनडांतील नोव्हा स्कोशिया प्रांतांत पिकेट व त्यांचे सहकारी १९४० नंतरच्या दशकांत सफरचंदाच्या बागांत निराळीच गोष्ट पाहत होते. बुरशीवर मारलेल्या गंधकानें खवलेकिडीचे नैसर्गिक शत्रु मरत आणि खवलेकीड उलट वाढे. औषधाची निवड बदलतांच मित्रकीटक परतले आणि कीड आटोक्यांत आली. १९५९ मध्यें कॅलिफोर्नियांतील स्टर्न व इतर तीन शास्त्रज्ञांनीं याच अनुभवांस शास्त्राचें रूप दिलें. कीड दिसली कीं मारावी, असें नव्हे. तिनें होणारें नुकसान औषधाच्या खर्चाहून मोठें होण्याचा रंग दिसला, तरच औषध वापरावें. या सीमारेषेस आज आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. १९६२ मध्यें रेचेल कार्सन यांच्या पुस्तकानें विषांच्या दुष्परिणामांकडे साऱ्या जगाचें लक्ष वेधलें. १९७६ मध्यें स्वित्झर्लंडमधील ओव्ह्रोनाझ येथें फळबागांच्या एकात्मिक उत्पादनाचीं सूत्रें मांडण्यांत आलीं. आणि १९८५ मध्यें भारत सरकारनेंहि एकात्मिक कीडनियंत्रण हें आपलें धोरण म्हणून स्वीकारलें.

या दोन्ही विचारांचा जन्म एकाच तक्रारींतून झाला, हें येथवरच्या कथनावरून ध्यानीं येईल. दोहोंचा विरोध डोळे झांकून केलेल्या फवारणीस आहे. महाराष्ट्राचा अनुभवहि हेंच सांगतो. गणिताचे अध्यापक असलेले कोल्हापूरकडील श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनीं प्रयोग परिवार उभारून द्राक्ष बागाइतदारांस पान, ऊन, मुळी आणि माती यांचा हिशेब स्वतः मांडण्यास शिकविलें. शेतकऱ्यानें सल्ला उसना न घेतां आपल्या बागेलाच प्रयोगशाळा करावें, हा त्यांचा आग्रह होता. उलटपक्षीं, मोजमाप ढिलें पडलें कीं काय होतें हें २०१० मध्यें दिसलें. त्या वर्षीं युरोपांत गेलेल्या भारतीय द्राक्षांत वाढ रोखणाऱ्या एका रसायनाचे अंश अधिक आढळले आणि निर्यातदार व बागाइतदार यांस मोठी झळ सोसावी लागली. २०१४ च्या मे महिन्यापासून युरोपीय संघानें फळमाशीमुळें भारतीय आंब्यास कांहीं महिने दार बंद केलें होतें. याच फळमाशीसाठीं दापोलीच्या कृषि विद्यापीठानें तयार केलेला रक्षक सापळा हें एकात्मिक पद्धतीचें सुबोध उदाहरण आहे. नरमाशीस भुलविणारा गंध सापळ्यांत ठेवावयाचा, माशा तेथें मरतात, आणि फळावर एक थेंबहि औषध पडत नाहीं.

मित्रकीटकांचें सामर्थ्य किती, हें पपईच्या बागाइतदारांनीं पाहिलें आहे. २००८ मध्यें कोइंबतूरकडे प्रथम आढळलेला परदेशी पिठ्या ढेकूण पाहतां पाहतां महाराष्ट्रांतहि शिरला. विषारी फवारे त्याच्या मेणचट आवरणावरून ओघळून जात. अखेर २०१० मध्यें पोर्टो रिको बेटांतून त्याचा नैसर्गिक शत्रु असलेली एक अगदीं बारीक गांधीलमाशी आणून बंगळूरच्या संस्थेनें ती वाढविली व बागांत सोडली. तेव्हां ती कीड आवरली. या विजयावर सेंद्रिय आणि एकात्मिक या दोन्ही पक्षांस सारखाच हक्क सांगतां येईल.

दोन्ही पद्धतींची समोरासमोर तुलना करणारा प्रसिद्ध प्रयोग वॉशिंग्टन राज्यांतील याकिमा खोऱ्यांत १९९४ पासून १९९९ पर्यंत रेगनॉल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केला. सफरचंदाच्या एकाच बागेंत सेंद्रिय, एकात्मिक आणि रूढ रासायनिक असे तीन प्रकारचे वाफे ठेवले होते. २००१ मध्यें प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, उत्पन्न तिहींत सारखेंच आलें. मातीचा पोत सेंद्रिय व एकात्मिक या दोहोंत चांगला राहिला. आणि पर्यावरण, नफा व ऊर्जेची बचत यांचा एकत्र विचार करतां सेंद्रिय पद्धति पहिली, एकात्मिक दुसरी आणि रूढ पद्धति तिसरी आली. सेंद्रिय पद्धतीच्या या नफ्यांत मात्र बाजारांत मिळणाऱ्या चढ्या भावाचा मोठा वाटा होता. तो भाव न मिळाल्यास रूढ पद्धतीची बरोबरी करण्यासाठीं सेंद्रिय फळास सुमारें १२ टक्के आणि एकात्मिक फळास सुमारें २ टक्के अधिक किंमत आवश्यक ठरते, असाहि हिशेब त्यांनीं मांडला.

हा निकाल जसाच्या तसा बिलोलीस लागूं करतां येईल काय? याकिमाची हवा कोरडी आणि हिवाळा कडक. थंडीनें पुष्कळ कीड आपोआप मरते. मराठवाड्यांत दमट पावसाळा आणि उबदार हिवाळा यांमुळें किडीस वर्षभर आश्रय मिळतो. डाळिंबावरील तेल्या रोगाचेंच उदाहरण घ्यावें. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून या जंतुजन्य रोगानें महाराष्ट्रांतील कित्येक बागा उजाड केल्या. त्यावर रामबाण उपाय रासायनिक पद्धतींतहि नाहीं. निरोगी रोपें, छाटणीचीं हत्यारें निर्जंतुक करणें, रोगट फांद्या व फळें जाळून टाकणें आणि पावसाळी बहार टाळणें, यांवरच मदार ठेवावी लागते. म्हणजे जेथें औषध थकतें तेथें पुन्हां मशागतीकडेच वळावें लागतें.

दुसरी अडचण खताची. पूर्ण वाढलेल्या मोसंबीच्या झाडास वर्षाकांठीं ८०० ग्रॅमांच्या आसपास नत्र द्यावें, अशी सामान्य शिफारस आहे. शेणखतांत नत्र सुमारें अर्धा टक्का असतें. तेव्हां सारें नत्र शेणखतांतूनच द्यावयाचें तर दर झाडास १६० किलो खत लागेल. सहा मीटर अंतरानें एकरांत सुमारें ११० झाडें बसतात. म्हणजे एकरीं सुमारें १८ टन शेणखत दरवर्षीं हवें. ज्या घरीं बैलजोडीची जागा ट्रॅक्टरनें घेतली आहे आणि दावणीला एखादी म्हैस उरली आहे, त्या घरानें हें कोठून आणावें? हा हिशेब सेंद्रिय पद्धतीचा अधिक्षेप करण्यासाठीं मांडलेला नाहीं. तिच्या जाणत्या पुरस्कर्त्यांचें उत्तर असें कीं, नत्र हवेंतहि आहे. झाडांच्या ओळींत ताग, धैंचा, चवळी पेरून फुलोऱ्यापूर्वीं गाडल्यास त्याचा मोठा भाग जागच्या जागीं मिळतो. हें खरें आहे. परंतु त्यासाठीं पाऊस वेळेवर यावा लागतो आणि मालकाची नजर रोज बागेवर असावी लागते. एकात्मिक पद्धति येथें मधला मार्ग काढते. निम्मेंअर्धें खत सेंद्रिय, उरलेलें माती तपासून ठिबकांतून, आणि चुनखडीमुळें पानें पिवळीं पडल्यास जस्त व लोह यांची फवारणी.

तिसरी आणि सर्वांत कठीण अडचण काळाची. भारतांत २००१ पासून अमलांत असलेल्या सेंद्रिय प्रमाणनाच्या नियमांनुसार फळझाडांसारख्या बहुवर्षायु पिकांस साधारणतः तीन वर्षांचा संक्रमणकाळ पाळावा लागतो. या तीन वर्षांत औषधें बंद, उत्पन्न घटण्याची भीति, आणि भाव मात्र साध्याच फळाचा. सधन बागाइतदार हा काळ निभावून नेतो. सावकाराचा अगर बँकेचा हप्ता डोक्यावर असलेल्या अल्पभूधारकास तो नदीच्या पुरासारखा वाटतो. २०११ पासून शेतकऱ्यांच्या गटांनीं परस्परांची हमी देण्याची सहभागी प्रमाणनाची सोय झाली आहे. तीमुळें दाखल्याचा खर्च हलका झाला. परंतु तीन वर्षांची वाट कांहीं टळलेली नाहीं.

आणि या सर्वांवर पाणी! २०१२-१३ च्या दुष्काळांत जालना व औरंगाबादकडील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळून गेल्या. वीस वर्षें जोपासलेल्या झाडांवर कुऱ्हाड चालविण्याचा प्रसंग मालकांवर आला. जें झाड पाण्यावांचून वाळलें, त्यास सेंद्रिय म्हटलें काय आणि एकात्मिक म्हटलें काय! परंतु या आपत्तींतूनहि एक धडा निघतो. आळ्यावर पालापाचोळ्याचें जाड आच्छादन असेल आणि मातींत सेंद्रिय द्रव्य भरपूर असेल, तर ओल अधिक दिवस टिकते व झाडास तग धरण्यास अवसर मिळतो. म्हणून मराठवाड्यांत सेंद्रिय द्रव्याकडे केवळ खत म्हणून न पाहतां पाण्याची सांठवण म्हणून पाहिलें पाहिजे.

कित्येक उपाय तर असे आहेत कीं त्यांस कोणत्याच पक्षाचा शिक्का मारतां येत नाहीं. मोसंबीचा डिंक्या रोग टाळण्यासाठीं डोळा जमिनीपासून उंच भरावा, खोडास पाणी लागूं नये म्हणून दुहेरी आळें करावें, खोडास बोर्डो मलम लावावें. सीताफळाच्या खोडावर मुंग्या व पिठ्या ढेकूण चढूं नयेत म्हणून चिकट पट्टी बांधावी. जुना जाणता माळी हें करीतच असे. परभणीचें कृषि विद्यापीठ १९७२ मध्यें स्थापन झालें. त्याच्या बदनापूर येथील मोसंबी आणि अंबाजोगाई येथील सीताफळ केंद्रांतून, तसेंच बिलोली तालुक्यांतील सगरोळीच्या कृषि विज्ञान केंद्रासारख्या संस्थांतून असलें ज्ञान शेतकऱ्याच्या दारापर्यंत येऊं शकतें. तें विचारण्यास जाणें मात्र शेतकऱ्याच्याच हातीं आहे.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांचाहि या प्रश्नाशीं निकट संबंध आहे. मंडईंत फळ निवडतांना डाग नसलेलें, एकसारखें, चकाकणारें फळच उचललें जातें. सालीवरचा बारीक डाग बहुतेक वेळां गरास स्पर्शहि करीत नाहीं. परंतु त्या डागाच्या भयानें बागेंत आणखी एक फवारणी होते, आणि तिचा अंश अखेर त्याच घरांत परत येतो. फवारणाऱ्या मजुराच्या वाट्यास तर तो सर्वांत आधीं येतो. २०१७ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मरण पावले, ही घटना अद्याप ताजी आहे. डागाळलेलें फळ आनंदानें घेणारा आणि संक्रमणकाळांतील शेतकऱ्यास चार पैसे अधिक देणारा ग्राहक निर्माण झाला, तर दोन्ही पद्धतींचें काम निम्म्यानें सोपें होईल.

सारांश, सेंद्रिय आणि एकात्मिक या दोन पद्धति एकमेकींच्या वैरिणी नसून एकाच वाटेवरचे दोन मुक्काम आहेत असें म्हणणें इतिहासास धरून होईल. जमिनीचा पाया दोहोंत सेंद्रियच हवा. त्यावांचून काळ्या मातींत बाग दीर्घकाळ टिकणार नाहीं. ज्यास खत, पाणी, मनुष्यबळ आणि बाजार यांची जोड आहे त्यानें पुढच्या मुक्कामापर्यंत अवश्य जावें. ज्यास ती नाहीं त्यानें किडी मोजण्याचा व नोंदवही ठेवण्याचा शिरस्ता पाळून एकात्मिक मार्गानें चालावें आणि दरवर्षीं औषधाची एकेक फवारणी कमी करीत जावें. टाळावयाचा मार्ग एकच. शेजाऱ्यानें फवारलें म्हणून आपणहि फवारावें, किंवा शेजाऱ्यानें सोडलें म्हणून आपणहि एका रात्रींत सारें सोडावें, ही अनुकरणाची पद्धति कोणत्याच शास्त्रांत बसत नाहीं. झाड बोलत नाहीं. परंतु पानाचा रंग, फांदीची वाढ आणि मुळाशीं असलेली ओल यांच्या द्वारें तें रोज कांहींतरी सांगत असतें. तें ज्यास वाचतां येतें त्याच्या बागेस कोणत्याहि पद्धतींत फळें येतील. ज्यास वाचतां येत नाहीं त्याच्या बागेस कोणतीच पद्धति फार काळ तारूं शकणार नाहीं.